तापल्या खोलीतला योग



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना हसू येईल. मोठ्या शहरांतून अलीकडे एका प्रकारचे योगवर्ग चालतात. त्यांना 'हॉट योगा' म्हणतात. आपण उष्ण योग म्हणू. दारे-खिडक्या लावून घ्यायच्या, यंत्राने खोली तापवायची, हवेत मुद्दाम दमटपणा आणायचा, आणि त्या खोलीत दीड तास आसने करावयाची. घामाच्या धारा लागल्या म्हणजे वर्ग चांगला झाला! यासाठी माणसे फी मोजतात. आता हे शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याला सांगितले तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, "अहो मास्तर, वैशाखात दुपारी आमच्या पत्र्याखाली येऊन बसा. फीही नको आणि यंत्रही नको!"

त्याचे म्हणणे बरोबर आहे. तरी पण हा विषय हसण्यावारी नेऊन चालणार नाही. आसनगाव, आटगाव, खर्डी इथली आपली मुले रोज लोकलने कल्याण-ठाण्याला जातात. येताना कोणी योगाचे पुस्तक आणतो, कोणी मोबाईलवर चित्रे पाहतो, कोणी चार दिवस वर्गाला जाऊन येतो. शिवाय २०१५ सालापासून दर वर्षी २१ जूनला योगदिन असतो, आणि त्या दिवशी शाळेतल्या गुरुजींना व बाईंना मुलांकडून आसने करून घ्यावी लागतात. तेव्हा पुस्तकातून काय शिकावे, वर्गातून काय शिकावे, आणि या उष्णतेचे खरे-खोटे काय, हे आपण नीट समजून घेऊ.

प्रथम या प्रकाराचा उगम पाहू. कलकत्त्यात विष्णुचरण घोष या नावाचे एक नामांकित व्यायामतज्ज्ञ होते. १९२३ साली त्यांनी तेथे शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. बिक्रम चौधरी हा त्यांचा शिष्य. तो पुढे अमेरिकेत गेला आणि १९७०नंतर तेथे त्याने वर्ग चालविले. सव्वीस आसने आणि दोन श्वसनप्रकार, क्रम ठरलेला, वेळ नव्वद मिनिटे, खोलीचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस. १९७८ साली या क्रमाचे त्याचे पुस्तकही निघाले. पुढे त्याने, हा क्रम माझ्या मालकीचा आहे, दुसऱ्या कोणी शिकवू नये, असा दावा लावला. २०१५ साली तिथल्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, पुस्तकावर लेखकाचा हक्क असेल, पण आसनांच्या क्रमावर कोणाला मालकी सांगता येणार नाही. २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ज्युरीने, लैंगिक छळाच्या एका दाव्यात, त्याच्याविरुद्ध निकाल दिला. हे मी मुद्दाम सांगतो. गुरू मिळाला म्हणजे डोळे मिटावेत असे नाही. पाणी गाळून प्यावे तसा गुरूही पारखून घ्यावा.

आता आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळू. हठयोगाचे दोन ग्रंथ प्रसिद्ध आहेत: स्वात्मारामाची 'हठप्रदीपिका' आणि 'घेरण्डसंहिता'. तापल्या खोलीबद्दल त्यांचे काय मत आहे? हठप्रदीपिका सांगते की साधकाची कुटी लहान असावी, शेणाने स्वच्छ सारवलेली असावी, आणि तिच्याभोवती धनुष्यभर अंतरात दगड, पाणी आणि अग्नी नसावा. अभ्यासाच्या आरंभी शेकोटी टाळावी असेही ती बजावते. घेरण्डसंहिता तर ऋतूच सांगते. हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या ऋतूंत योगाला आरंभ करू नये, केल्यास तोच योग रोग देतो. वसंतात किंवा शरदात आरंभ करावा. म्हणजे उन्हाळ्यात आरंभ नको म्हणणारा आपला ग्रंथ, आणि उन्हाळा विकत आणणारा हा वर्ग!

कोणी म्हणेल, ही संस्कृत पोथ्यांची गोष्ट. तिचा आमच्या गावाशी काय संबंध? संबंध आहे. मुरबाड तालुक्यात देहरी गावाच्या डोक्यावर गोरखगड उभा आहे, आणि शेजारी मच्छिंद्रगडाचा सुळका. गोरक्षनाथांनी तेथल्या गुहेत साधना केली असे लोक मानतात. हठप्रदीपिकेत स्वात्माराम ज्या सिद्धांना वंदन करतो, त्यांत मत्स्येंद्र आणि गोरक्ष ही नावे आहेत. मत्स्येंद्रासन हे आसन तर आजही जगभर केले जाते. ज्या विद्येची नावे आपल्या डोंगरांनी धारण केली आहेत, ती आपल्याला परकी कशी असेल?

आता उष्णतेचे शास्त्र पाहू. त्यासाठी दूर जायला नको. घरातला माठ पुरे आहे. माठातले पाणी गार कसे होते? ते बारीक छिद्रांतून पाझरते, बाहेर वाळते, आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. शरीराचेही तसेच. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. पण वाळला तर! फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या वाऱ्यात माठ छान गार राहतो. मृगाच्या तोंडावर हवा दमट झाली की तोच माठ पाझरत राहतो, बूड ओले दिसते, पण पाणी म्हणावे तसे गार होत नाही. उष्ण आणि दमट खोलीत शरीराचा असाच माठ होतो. घाम पुष्कळ गळतो, गारवा थोडा मिळतो, आणि पाणी व मीठ मात्र जात राहते.

एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, घामातून शरीरातले विष बाहेर पडते म्हणतात, ते खरे का?" त्याला सांगितले ते आपल्यालाही सांगतो. घाम म्हणजे मुख्यत्वे पाणी आणि थोडे मीठ. शरीरातला कचरा काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. वर्गानंतर वजन किलोभर कमी भरते, ते पाण्याचे. दोन तांबे पाणी प्यायले की परत येते. उष्णतेने अंग सैल होते हे मात्र खरे. पण सैल झालेले अंग आपल्या मर्यादेपलीकडे वाकते, आणि दुखापत झाली आहे हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते.

मग उष्णतेचा फायदा किती? याची परीक्षा अमेरिकेत झाली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. चाळीस ते साठ वयाची, बैठ्या सवयीची माणसे घेतली. एका गटाने तीच सव्वीस आसने तापल्या खोलीत केली, दुसऱ्याने साध्या खोलीत, बारा आठवडे. रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची शक्ती दोन्ही गटांत सुधारली. तापल्या खोलीने त्यात जास्तीची भर घातली नाही. गुण आला तो आसनांचा.

अशी परीक्षा घेण्याचा मान मुळात महाराष्ट्राचा आहे, हे विसरू नये. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौली, उड्डियान या क्रियांनी पोटात काय घडते ते त्यांनी क्ष-किरणाने आणि दाब मोजण्याच्या यंत्राने पाहिले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार नेले आणि त्यांवर पुस्तक लिहिले. १९३७ साली तरुण बी. के. एस. अय्यंगार पुण्यास शिकवायला आले आणि पुणेकरच झाले. १९६६ साली त्यांचा मोठा ग्रंथ इंग्रजीत निघाला. मराठीत तो 'योगदीपिका' या नावाने आहे. त्यात शेकडो छायाचित्रे आहेत. पण लोक चित्रे पाहतात आणि शेवटची पाने सोडतात. त्या पानांवर अभ्यासक्रम आठवड्यांच्या हिशेबाने दिला आहे, आणि तो शेकडो आठवडे चालतो! चित्र एका क्षणाचे असते; त्यामागे वर्षे असतात.

तेव्हा पुस्तकाचा उपयोग कोणता? आसनाचे नाव, क्रम, श्वास केव्हा घ्यावा, कोणी करू नये, हे पुस्तक उत्तम सांगते. पण आपला गुडघा वळला की मुरगळला, हे पुस्तकाला दिसत नाही. ते शिक्षकाला दिसते. वर्गाची अडचण वेगळी. तिथे चाळीस जण असतात, आणि शेजाऱ्याचे डोके गुडघ्याला लागले म्हणून आपणही ओढतो. म्हणून पुस्तक वाचावे, शिक्षकाकडून चार-सहा आसने नीट तपासून घ्यावीत, आणि पुढे रोजच्या सरावात आपल्याच श्वासाला विचारावे. श्वास संथ असेल तर चालू ठेवा. श्वास तुटला, तोंड उघडावे लागले, तर तिथेच थांबा.

आता नेहमीचा प्रश्न. "आम्ही दिवसभर घाम गाळतो, आम्हांला योग कशाला?" भगिनींनो, लावणीच्या दिवसांत तुम्ही चिखलात सबंध दिवस पुढे वाकलेल्या असता. आपल्या तालुक्यात भातसा, तानसा यांसारखी मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत, आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे वाहतात. हे कष्ट आहेत, तो व्यायाम नव्हे. काम शरीराला एकाच बाजूला ओढते. आसन त्याला दुसऱ्या बाजूला नेऊन सरळ करते. दिवसभर पुढे वाकलेल्या पाठीला सावकाश केलेले भुजंगासन आणि दहा मिनिटे शवासन, एवढेही मोलाचे आहे. त्याला गादी नको, फी नको. सारवलेली ओटी पुरे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना विनंती. २१ जूनला आपल्याकडे कधी पाऊस लागलेला असतो, कधी लांबलेला. लांबला असेल तर हवा त्या तापल्या खोलीसारखीच असते. मुलांना पत्र्याच्या शेडमध्ये दाटीने बसवू नका. सकाळी लवकर, मोकळ्या हवेत, झाडाच्या सावलीत घ्या. कित्येक मुले, विशेषतः लांबच्या पाड्यांवरची, काही न खाता चालत आलेली असतात. त्यांची आधी चौकशी करा. काही खायला द्या, पाणी द्या, थोडा वेळ जाऊ द्या. शीर्षासनासारखी अवघड आसने कोणाला दाखवण्यासाठी करवू नका. मोठ्या माणसांत रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये.

डोके जड होणे, मळमळ, पायात गोळे येणे, चक्कर, ही उष्णतेची सूचना. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्धीवर असेल तर घोटघोट पाणी द्या. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून, हे प्रमाण फळ्यावर लिहून ठेवा. ताक, कोकमाचे सरबतही चालेल. पण माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडात काही घालू नका. अंग गार करत राहा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

घेरण्डमुनी शरीराला घट म्हणतात. कच्चा घट पाण्यात विरघळतो, म्हणून तो योगाच्या अग्नीत भाजून पक्का करावा, असे ते सांगतात. हा अग्नी कोणता? तोच ग्रंथ ग्रीष्मात आरंभ करू नको म्हणतो, तेव्हा तो बाहेरच्या उन्हाचा किंवा शेगडीचा नव्हे, हे उघड आहे. तो नेमाचा अग्नी आहे. आणि आपल्या गावचा कुंभार सांगेल की भट्टी एकदम भडकवली तर मडके तडकते. आच हळूहळू द्यावी लागते.

येत्या शरदात, भात कापणीला येण्याच्या सुमारास, पहाटे दहा मिनिटांनी आरंभ करा. तोपर्यंत एखादे चांगले पुस्तक शाळेच्या कपाटात आणून ठेवा, आणि चौघांनी मिळून वाचा.