परग्रहावरचा विद्यार्थी



१६७४ च्या मे महिन्यांत मुंबईहून निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडाच्या पायथ्याशीं, पाचाडास येऊन थांबला. महाराज त्या वेळीं प्रतापगडास भवानीच्या दर्शनाला गेले होते. पुढें त्याला गडावर बोलावणें आलें आणि ६ जूनचा राज्याभिषेकहि त्यानें पाहिला. या वकिलातीची एक गोष्ट डॉक्टर जॉन फ्रायर यानें १६९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथांत दिली आहे. गोऱ्या मंडळींचें खिचडीवर भागेना, म्हणून त्यांना बोकडाचें मांस मिळूं लागलें. तें पुरविणारा खाटीक म्हातारा होता. कित्येक वर्षांत खपलें नाहीं एवढें मांस हीं मूठभर माणसें फस्त करतात, तेव्हां तीं दिसतात तरी कशीं, हें पाहण्यासाठीं तो गड चढून गेला!

ऑक्झेंडेन आपल्या लोकांना न्याहाळून टिपणें करीत होता आणि खाटीक त्याला न्याहाळीत होता. दोघांपैकीं परका कोण, हें तुम्हीच ठरवा.

या गोष्टीची आठवण मला एका अमेरिकन विनोदी मालिकेनें करून दिली. तिचें नांव ‘थर्ड रॉक फ्रॉम द सन’, म्हणजे सूर्यापासून तिसरा दगड. अर्थात् आपली पृथ्वी. १९९६ ते २००१ पर्यंत ती तिकडे दूरचित्रवाणीवर चालली. चार परग्रहवासी मनुष्यदेह धारण करून ओहायोंतील एका काल्पनिक गांवीं बिऱ्हाड करतात आणि मानवजातीची माहिती जमवूं लागतात. म्होरक्या डिक विद्यापीठांत पदार्थविज्ञान शिकवितो. लष्करी बाण्याच्या सॅलीला स्त्रीदेह मिळतो. आणि टॉमी, जो चौघांत सर्वांत वडील, त्याच्या वांट्याला मिसरूड फुटणाऱ्या पोराचा देह येतो! त्याला हायस्कुलांत जावें लागतें.

माहिती जमविण्याचें काम याच टॉमीकडे. ग्रहगोलांचें ज्ञान असलेला हा वृद्ध एका मुलीसमोर उभा राहिला कीं त्याची गाळण उडते. मुलामुलींनीं ठरवून संध्याकाळीं बरोबर फिरायला जावें, अशी त्या देशाची रीत. पण तिचे नियम कोठें लिहून ठेवलेले नाहींत. प्राध्यापक डिकची तरी गत काय निराळी? सहकारी बाईंच्या प्रेमांत पडून तोहि शाळकरी पोरासारखा वागतो.

आपण हसतों तें अमेरिकनांना. पण टॉमी पाचाडच्या एखाद्या माजघरांत उतरला असता तर? मुलगी पाहण्याचा कार्यक्रम चालला आहे. मुलगी खालीं मान घालून पोह्यांच्या बशा आणते. तिचें नांव सर्वांना ठाऊक असतें, तरी तेंच तिला विचारलें जातें. मग दहा वडीलधाऱ्यांच्या देखत मुलाला सांगतात, ‘कांहीं विचारायचें असेल तर मोकळेपणानें विचारा!’ पोहे निवायच्या आंत दोन जन्मांची गांठ ठरते. टॉमीनें आपल्या ग्रहावर काय अहवाल धाडला असता, देव जाणे.

येथवर थट्टा झाली. मला खटकतें तें असें कीं, टॉमी संध्याकाळीं घरीं येऊन आपली फजिती बेधडक सांगतो. घरच्यांनाहि कांहीं कळत नाहीं. पण न कळल्याची लाज कोणाला वाटत नाहीं. आपल्याकडे वहींत एक चिठ्ठी सांपडली एवढ्यावरून मुलीची शाळा सुटल्याचें आपण ऐकलें नाहीं काय? मुलाला चार थपडा मिळतात. तिचें मात्र शिक्षणच संपतें. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या २००४ सालच्या कादंबरींत आणीबाणीच्या काळांतला नववींतला मुकुंद आहे. त्याला बोलायला निदान एक नरूमामा आहे. त्याच्या वर्गांतल्या किती मुलींना असा मामा असेल?

परवां हे जुने भाग पाहतांना नववींतल्या नातीनें मला एकदम विचारलें, “आजोबा, तुम्हीं आजीला पहिल्यांदा काय विचारलें होतें?”

मीं म्हणालों, “नांव.”

“तें ठाऊक नव्हतें?”

“पत्रिकेवर वाचलें होतें.”

आंतून तिची आजी म्हणाली, “आणि पोहे दोनदां मागून घेतले होते, तें सांगा!”