रिकाम्या वेळेचे पैसे कोण देतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आजच्या विषयाचे नाव घेतले तर काही श्रोते रेडिओ बंद करतील, अशी मला भीती आहे. म्हणून ते जरा उशिरा घेतो. आधी एक साधा प्रश्न. आपण कामावर हजर असतो, पण हाताला काम नसते, अशा वेळेचे पैसे कोण देतो?

बँकेतल्या कारकुनाला हा प्रश्न पडत नाही. काउंटरवर गर्दी नव्हती म्हणून त्याचा पगार कापला जात नाही. स्टँडवर रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला मात्र तो पडतो. मजूर नाक्यावर जेवणाचा डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला तर रोज सकाळी पडतो. भांडवलशाहीवर समाजशास्त्रज्ञांनी केलेली टीका (घेतले एकदाचे नाव!) जाडजूड ग्रंथांत आहे आणि त्यातले काही ग्रंथ मुद्दाम कोणी वाचू नयेत अशा भाषेत लिहिलेले आहेत. पण हा एक प्रश्न हातात घेऊन तिच्याकडे गेलो, तर ती आपल्या घरातलीच वाटू लागते.

मुंबईच्या गिरण्यांचे पाहा. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या, पण धंदा कायम वरखाली होणारा. कापसाचे भाव बदलत, सुता-कापडाची मागणी बदले. उठाव असला की माणसे हवीत, नसला की नकोत. यावरचा उपाय म्हणजे बदली कामगार. हा माणूस रोज पाळीच्या वेळी गेटवर हजर व्हायचा. आतला कोणी गैरहजर असेल तर याला काम, नाहीतर आल्या पावली परत. परत गेला त्या दिवसाची मजुरी शून्य. कोणाला आत घ्यायचे, हे बराच काळ जॉबरच्या हातात होते. त्याची मर्जी राखावी लागे, आणि मर्जी फुकट राखता येत नसे. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदलीच्या भरतीला नियम लावले, पण गेटवरचे उभे राहणे काही संपले नाही.

कार्ल मार्क्सने १८६७ च्या आपल्या ग्रंथात अशा माणसांना उद्योगाची राखीव फौज म्हटले आहे. गेटवरची गर्दी आतल्या कायम कामगारालाही दिसत असते. त्याला वेगळा दम द्यावा लागत नाही. फौजेचा अर्धा उपयोग तिथेच होतो.

मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. शून्य मजुरीच्या दिवशी हा माणूस जेवत कुठे होता? रत्नागिरीत किंवा साताऱ्यात त्याचे घर होते, जमिनीचा तुकडा होता, तो कसणारी बायको होती. मंदी आली की तो गावी जाई. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण रांधून घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. त्या महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि पगार झाला की पैसे घेत. म्हणजे गिरणीच्या मंदीचा खर्च कोकणातली शेती आणि लालबाग-परळची चूल मिळून उचलत होत्या. गिरणीच्या हिशेबवहीत तो कधी आला नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे त्यांची सावकाराच्या व्याजातून सुटका होऊ लागली. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि ज्यांच्या पगारातून उधारी फिटायची तो पगारच थांबला. संपाचा इतिहास सांगताना आपण नेत्यांची नावे घेतो. या चुलींचा हिशेब क्वचितच मांडतो.

इथे युरोपातून आलेला सिद्धान्त थोडा तोकडा पडतो, हेही सांगितले पाहिजे. विणकाम खात्यात मजुरी बरी होती, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, मग विटाळ होतो, हे त्याचे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. दहा वर्षांनी मनमाडच्या परिषदेत त्यांनी रेल्वेच्या दलित कामगारांपुढे भांडवलशाहीबरोबर ब्राह्मणशाहीलाही कामगारांचा शत्रू म्हटले. गेटवर सगळे सारखेच उभे असतात, हे आपल्याकडे खरे नव्हते.

आता गिरण्या गेल्या. त्या जागी मॉल आणि टॉवर आले आणि त्यांच्या फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसलेली, मोबाइलकडे पाहणारी मुले आली. घरपोच जेवण आणि किराणा पोचवणारी ही मुले. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, पैसे प्रामुख्याने ऑर्डरमागे. दोन ऑर्डरींच्या मधली वेळ त्यांची स्वतःची, असे म्हणतात. मला ती बदलीवाल्याची वेळ वाटते. नीती आयोगाने २०२२ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार २०२०-२१ साली देशात अशा स्वरूपाची कामे करणारे सुमारे ७७ लाख लोक होते.

नगावर मजुरी ही काही नवी गोष्ट नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला हजारामागे पैसे मिळतात आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसान तिचे. नगावर मजुरी दिली की माणूस स्वतःच स्वतःचा मुकादम होतो, आपण होऊन जास्त राबतो आणि देखरेखीचा खर्च वाचतो, हे मार्क्सने तेव्हाच लिहून ठेवले होते. पण माणूस हे हसतमुखाने का करतो? मायकेल बुरावॉय हा समाजशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात शिकागोच्या एका कारखान्यात यंत्रावर कामगार म्हणून राहिला. कामगार पुरेसे काम का करत नाहीत, असे सगळे विचारत. हे इतके काम का करतात, हे त्याला कोडे होते. १९७९ च्या पुस्तकात त्याने उत्तर दिले, की ते कोटा पुरा करण्याचा खेळ खेळत होते. खेळायला बसले की नियम कोणी केले, हा विषय मागे पडतो. 'आणखी तीन ऑर्डर केल्या की इन्सेंटिव्ह' हा संदेश रात्री अकरा वाजता पाहणाऱ्या मुलाला बुरावॉय वाचायची गरज नाही. (आणि जेवण देताना त्याने हसायचे, कारण आपण तारे देणार! त्या हसण्याच्या श्रमावर आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून पुस्तक लिहिले आहे. तो विषय पुन्हा कधीतरी.)

यावर ही मुले स्वतः काय म्हणतात? डोक्यावर साहेब नाही, गावी जायचे तर कोणाला विचारावे लागत नाही. हे खोटे नाही, आणि ते उडवून लावणाऱ्या अभ्यासकांचा मला कंटाळा येतो. बदलीवालाही सुगीला आणि गणपतीला गावी जायचा. पण जाण्याची मुभा आणि जाणे भाग पडणे, या दोन्हींची किंमत एकाच खिशातून जाते. ती कोणाच्या, एवढेच पाहायचे आहे.

कायदा इकडे हळूहळू वळतो आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात या कामगारांना प्रथमच केंद्रीय कायद्यात नाव मिळाले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची आहे. विमा, म्हातारपण यासाठी हे चांगलेच आहे. वाट पाहण्याच्या वेळेचा मात्र त्यात हिशेब नाही.

तो हिशेब न्यूयॉर्क शहराने करून पाहिला. जेवण पोचवणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२३ पासून तिथे किमान मोबदल्याचा नियम अमलात आला. दर ठरवताना फेरीचा वेळ आणि ॲप चालू ठेवून वाट पाहण्याचा वेळ, असे दोन्ही धरले गेले. ताशी सुमारे अठरा डॉलरपासून सुरुवात झाली. रिकाम्या वेळेला प्रथमच भाव आला. मग काही कंपन्यांनी काय केले? मागणी कमी असेल त्या वेळी कामगारांना ॲपमध्ये शिरण्यावरच मर्यादा घातल्या. लॉग-इन नाही, म्हणून वाट पाहणे नाही, म्हणून पैसे नाहीत. मुलगा फोन हातात घेऊन फुटपाथवर उभा, जागा मिळाली की आत जायला. परळच्या म्हाताऱ्या बदलीवाल्याला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही.