आपल्या शहापूरपासून समुद्र किती लांब?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात मुले व पालकांसमोर केलेले भाषण)



भूगोलाच्या पुस्तकात नकाशाचा धडा असतो आणि समुद्राचाही असतो. परीक्षेपुरते दोन्ही पाठ होतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख होत नाही. आज ती आपल्याच नद्यांवरून करून देतो.

नकाशा समोर आला की आधी तीन गोष्टी बघायच्या: दिशा, प्रमाण आणि सूची. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशाचं प्रमाण १:५०,००० असतं. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. शहापूर ते वसई सरळ अंतर पन्नासएक किलोमीटर, म्हणजे या प्रमाणात साधारण एक मीटर झालं. नदी मात्र सरळ जात नाही. तिच्यावर दोरा वळणावळणाने ठेवा, मग तो पट्टीवर मोजा. उत्तर बरंच मोठं येईल.

आता पाण्यामागून चला. शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू, दोघींचं पाणी शेवटी उल्हासला मिळतं. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीनेच पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून मुंबईसाठी उचललं जातं. उरलेलं पाणी वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. भरतीचा जोर कल्याणच्या खाडीपर्यंत येतो. म्हणून तर प्राचीन काळी कल्याण बंदर होतं, आणि तिथला माल मुरबाडच्या मुलखातून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. म्हणजे समुद्र आपल्याला वाटतो तेवढा परका नाही, बरं का!

खाडीत गोडं आणि खारं पाणी मिसळून मचूळ होतं. तिथे तिवरं वाढतात. त्यांच्या मुळांत कोळंबीची, माशांची पिल्लं आसरा घेतात. आपल्या नाल्यात टाकलेली पिशवी पावसाळ्यात याच वाटेने जाते आणि त्याच मुळांत अडकते.

नकाशावरच्या तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा. माळशेजजवळ त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, कारण तिथे कडा आहे. सपाटीवर त्या लांब लांब जातात. समुद्राच्या नकाशावर अशाच रेषा खोली दाखवतात. किनाऱ्यालगतची समुद्रबूड जमीन उथळ असते. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून दूर, तरी तिथे पाणी सुमारे ७५ मीटरच खोल आहे. आपल्या माहुलीच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी! त्यापुढे भूखंडाचा उतार लागला की तळ हजारो मीटर खाली जातो. प्रशांत महासागरातली मरियाना गर्ता तर सुमारे ११,००० मीटर खोल आहे.

पालकांना वाटेल, या वयात हे खूळ कशाला? बँकेत असताना कर्जासाठी शेतकरी सात-बारा आणि जमिनीचा नकाशा घेऊन येत. सही सुरेख करणारे पुष्कळ होते, पण आपली हद्द दाखवायला बोट दुसऱ्याचं लागायचं. ज्याला नकाशा वाचता येतो, त्याला फसवणं अवघड असतं. धरणाच्या काठावरच्या पाड्याला एप्रिल-मेमध्ये टँकर का लागतो, याचं निम्मं उत्तर समोच्च रेषा देतात: पाणी खाली आणि पाडा वर. उरलेलं निम्मं उत्तर मुलांनी आपल्याला, मोठ्यांना, विचारायला हवं. ते विचारतील ते नकाशा कळला तरच.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती आहे. सभागृहाच्या भिंतीवर आपल्या दोन्ही तालुक्यांचा आणि खाडीपर्यंतचा मोठा नकाशा लावावा. खाली एक पट्टी आणि दोरा टांगावा. खर्च फार नाही. रविवारी सकाळी तासभर मुलांबरोबर बसायची जबाबदारी मी घेतो. आजी-आजोबांनीही यावं. जुन्या वाटा, ओढे आणि पाड्यांची नावं त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक आहेत?