एका टाकीवरचे अनेक हात



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत झाले. मग सूक्ष्मजीवांच्या उद्योगावर आम्ही काय बोलणार, असे कुणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, या शास्त्रात एकट्याच्या हातून काही तडीस जात नाही. आणि अनेकांनी मिळून काम करणे हाच तर आमचा जन्माचा विषय आहे.

पेनिसिलिनचीच हकिकत पाहा. फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनमध्ये बुरशीभोवतीचे जंतू मेलेले पाहिले. पण त्याचे औषध व्हायला ऑक्सफर्डचे फ्लोरी, चेन, हीटली आणि त्यांचे सहकारी लागले. १९४१ साली एक पोलीस शिपाई या औषधाने सुधारू लागला आणि औषध संपले म्हणून दगावला. शोध लागला होता, पण पुरेसे औषध नव्हते! त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी शेतकी प्रयोगशाळेत गेले. मका भिजवून उरलेले पाणी बुरशीला मानवले. उत्पन्न अनेक पटींनी वाढले. १९४३ मध्ये बाजारातल्या खरबुजावर याहून गुणी बुरशी सापडली. मग कारखान्यांनी खोल टाक्या उभारल्या. प्रयोगशाळा, शेत, बाजार आणि कारखाना एकत्र आले, तेव्हा कुठे औषध सैनिकांपर्यंत पोहोचले.

आपल्याकडे हेच पिंपरीला घडले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ साली उत्पादन सुरू झाले. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी हात दिला. पुढे तेथेच थिरुमलाचार यांच्या हाताखाली हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघाले. ज्या मातीतल्या जीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव आहे.

आता आमच्या अनुभवातले सांगतो. मळीपासून मद्यार्क करणाऱ्या एका कारखान्यात आमचा एक सभासद टाकीवर होता. फेस आणि वास यांवरून घाण बिघडते आहे हे त्याला आधी कळे. एकदा त्याने सांगितले, कुणी ऐकले नाही. टाकी नासली आणि दंड त्याच्याच पगारातून कापला. आम्ही तीन महिने भांडलो. दंड परत मिळाला. पण आम्हांला खरा आनंद झाला तो पुढे, जेव्हा नव्या केमिस्टसाहेबांनी त्याच्या सांगण्याची वही ठेवायला सुरुवात केली. एक झडप नीट धुतली नाही तर परका जंतू शिरतो आणि साऱ्यांची मेहनत फुकट जाते. मग ती झडप धुणारा या संशोधनाचा भागीदार नव्हे काय?

दुसरी गोष्ट चिंतेची. पिंपरीचा कारखाना पुढे आजारी पडला. देणी भागवण्यासाठी जादा जमीन विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या डिसेंबरात घेतला. तिकडे पेनिसिलिनच्या कच्च्या मालासाठी देश चीनवर विसंबला आणि २०२० साली सरकारला उत्तेजनाची योजना काढावी लागली. यंत्र पुन्हा विकत आणता येते. पांगलेली माणसे आणि त्यांची हातोटी आणता येत नाही. विरजण एक दिवस मोडले तर शेजारणीकडून आणता येते; साऱ्या गल्लीतच मोडले तर काय करायचे?

सोयाबीन पेरताना आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो. ते जंतू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देतात आणि पिकाकडून अन्न घेतात. देवाणघेवाण चोख असते म्हणून दोघे जगतात. ते पाकीट जिवंत आहे की मुदत टळलेले, हे दुकानदाराला विचारण्याचा हक्क तुमचा आहे. पीक कसे आले हे शास्त्रज्ञाला कळवणे, हे तुमचे कर्तव्यही आहे.

आमची मागणी एवढीच: सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संशोधनात टाकीवरच्या कामगाराला आणि शिवारातल्या शेतकऱ्याला बोलण्याची जागा असावी, आणि फळात वाटाही असावा.