आमचे नाना : एक मेकॅनिक



माझ्या वडिलांविषयी मी दोन शब्द बोलावेत, असे मंडळाने सांगितले. वस्तीत सारे त्यांना नाना म्हणत. वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी ते गेले. जन्म १९३८ चा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे तिथले विधान आपण नेहमी ऐकतो. पण त्याच भाषणात रेल्वेच्या वर्कशॉपचीही गोष्ट आहे. अस्पृश्य माणूस तिथे मेकॅनिक म्हणून क्वचितच दिसतो, मिस्त्री होत नाही, हमाल म्हणून लागतो आणि हमालच राहतो, असे त्यांनी मांडले होते. मी हे वाचले ते बँकेत लागल्यावर, फार उशिरा.

नाना जळगावला मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यात हेल्पर होते. नाव घेत नाही. धरणगाव स्टेशनवरून पॅसेंजरने जात. पहिली सहा वर्षे रॉकेलमध्ये सुटे भाग धुतले. पाना मागितला, की "तुझं काम धुण्याचं" असे उत्तर मिळे. एका पावसाळी रात्री मिस्त्री नव्हते आणि डिझेलचे इंजिन सुरू होईना. नानांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारून नळीतली हवा काढली. बुडबुडे थांबताच स्क्रू आवळला. इंजिन धडधडले. तेव्हा पाना हाती आला, तो निवृत्तीपर्यंत.

पगार झाला की आधी आम्हा चौघांच्या फिया, मग किराणा. आई कापूस वेचायला जाई. कळण्याची भाकरी आणि ठेचा असला की नाना खूश.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अकरावीच्या प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी नुसते 'नोकरी' लिहिले. मित्रांचे वडील मास्तर, तलाठी; मला लाज वाटली. नाना चौथी शिकलेले. अक्षर लावत त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "मेकॅनिक लिहायचं ना. त्याला सहा वर्षं लागली मला."

मी अर्ज तसाच दिला.

परवा त्यांच्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज भरला. त्यात मेकॅनिक लिहिले, ठळक अक्षरांत.

त्यांची हत्यारांची पेटी ओट्यावर आहे. नात आयटीआयला जाते, तिने मागितली आहे. चौदा नंबरचा पाना मात्र वस्तीतल्या कुणीतरी नेलेला आहे. ज्यांच्याकडे असेल, त्यांनी कृपया आणून द्यावा.

जयभीम.