फितीवरचा आवाज

गाडगेबाबा म्हटले की आपल्याला खराटा आठवतो, डोक्यावरचं गाडगं आठवतं. आज मला बोलायचंय त्यांच्या आवाजाबद्दल.

8 नोव्हेंबर 1956. मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या आवारात बाबांचं कीर्तन झालं आणि ते फितीवर उतरवलं गेलं. बाबांचं वय तेव्हा ऐंशी. पुढे दीड महिन्यात, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला ते गेले. त्याआधी 6 डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले होते.

ते ध्वनिमुद्रण आज मोबाइलवर सहज ऐकायला मिळतं. जरूर ऐका. बाबा एकटे बोलतच नाहीत! ते विचारतात, माणसं उत्तर देतात, पुन्हा विचारतात, मधेच गोपालाचा गजर. समोरचे लोक काढून टाकले तर कीर्तन उरायचंच नाही. अमेरिकेत 1969 साली कॅननबॉल ॲडरली नावाच्या सॅक्सोफोन वाजवणाऱ्यानं शिकागोत, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी भरलेल्या सभेत, आपली जॅझची तबकडी मुद्रित केली. सुरुवातीला जेसी जॅक्सन बोलतात, आणि वाजवणं सुरू असताना लोकांची दाद ऐकू येते. ते संगीत आपल्या कानाला परकं, पण हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे.

बाबा सांगत काय? शिवाशिव पाळू नका, देवापुढे बकरं कापू नका, कर्ज काढून लग्न करू नका, घरची भांडी विका पण लेकराला शाळेत घाला. आणि हे सगळं आपल्या वऱ्हाडीत. जन्म शेंडगावचा, बालपण मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाकडे. दुसरी भाषा येणार कुठून? ती मुंबईलाही समजली. इकडे आपली पोरगी शाळेत ‘काऊन’ म्हणाली की वर्ग हसतो, आणि घरी आपणही तिला गप्प करतो. विद्यापीठाला मात्र नाव बाबांचं!

एक गोष्ट मला टोचते. 1905 साली बाबांनी घर सोडलं, तेव्हा लेकरं घेऊन मागे राहिल्या त्या कुंताबाई. बाबांचा आवाज मी कितीदा ऐकला असेल, पण कुंताबाईंचा आवाज माझ्या कानी कधी पडला नाही. त्यांनी ती वर्षं कशी काढली, त्यांच्या तोंडून ऐकायला मला आवडलं असतं.

तुमच्या घरी सासू असेल, आजी असेल. एखादी दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली, एखादी मोर्चात गेलेली. दुपारी कामं आटोपली की मोबाइल तिच्याजवळ ठेवा आणि बोलतं करा. दोन-तीन प्रश्न विचारा, मग ऐका. तिची बोली सुधारू नका. मधे कुकरची शिट्टी झाली, कुणी दारातून हाक मारली, तर होऊ द्या. पुसायचं नाही ते.