हुशार मुलाच्या पालकांनी शाळेकडे काय मागावं?



आजच्या विषयात थोडं अवघडलेपण आहे. मूल अभ्यासात मागे पडलं तर पालक शाळेत जाऊन मोकळेपणाने बोलतात. मूल वर्गाच्या पुढे असेल तर मात्र त्यांची जीभ अडखळते. मिरवायला आलेत असं वाटेल, बाई मनातल्या मनात हसतील, अशी धास्ती असते आणि ती अगदीच निराधार नसते. 'आमचा मुलगा फार हुशार आहे हो, त्याच्याकडे जरा वेगळं लक्ष द्या' हे वाक्य शिक्षकांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते आता कानावरून नुसतं निघून जातं. अशा पालकांची तक्रार पुष्कळदा खरी असते, चुकते ती मागणी. मुलाची हुशारी शाळेकडून कबूल करून घ्यायला पालकांनी जाऊच नये. मुलाला पेलेल इतकं अवघड काम मागायला जावं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

वर्ग पाचवीचा धरा. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज चालू आहे, फळ्यावर दहा उदाहरणं आहेत. बाकीच्यांचं तिसरं चालू असताना एका मुलीची दहाही होतात. उरलेल्या तासाचं तिने काय करायचं? आपल्याकडे याची तीन ठरलेली उत्तरं आहेत : गप्प बस, शेजारणीला समजावून सांग, किंवा तसलीच आणखी दहा सोडव. दुसरं उत्तर अधूनमधून चांगलं, रोज नव्हे. ती मुलगी बिनपगारी शिक्षिका म्हणून शाळेत आलेली नाही. तिसरं तर सरळ शिक्षा आहे. लवकर आटपलं की जास्त मिळतं, हे मुलाच्या चार दिवसांत ध्यानात येतं आणि ते रेंगाळत लिहायला लागतं. आता त्याच मुलीला असं विचारा : अंश 1 असलेले दोन वेगवेगळे अपूर्णांक घे, त्यांची बेरीज बरोबर अर्धा यायला हवी; अशा जोड्या किती? एक तृतीयांश आणि एक षष्ठांश ही जोडी तिला मिळेल. दुसरी काही केल्या मिळणार नाही. मिळत नाही म्हणजे ती नाहीच, हे कशावरून? इथून तिचं खरं काम सुरू होतं. दोहोंतला मोठा अपूर्णांक पावपेक्षा मोठा आणि अर्ध्यापेक्षा लहान असायलाच हवा आणि तसा एकच आहे, इथवर ती पोहोचली तर तिने आयुष्यातली पहिली सिद्धता दिली. मग अर्ध्याऐवजी एक षष्ठांश द्या, चार जोड्या निघतात. धडा तोच, वही तीच, शाळेला खर्च खडूच्या एका ओळीचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : आपलं मूल हुशार असं कुठल्या आईबापांना वाटत नाही? वाटतंच. म्हणूनच पालकांच्या वाटण्याला पुरावा मानू नये आणि प्रमाणपत्रालाही फार भाव देऊ नये. लुईस टर्मन यांनी 1921 साली कॅलिफोर्नियात बुद्ध्यंकाच्या आधारे सुमारे दीड हजार मुलं निवडून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. चाचणी घेऊन ज्यांना बाहेर ठेवलं त्यांत विल्यम शॉकली आणि लुई अल्व्हारेझ होते. पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल दोघांनाही मिळालं, एकाला 1956 साली, दुसऱ्याला 1968 साली. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेचंही तेच. परीक्षा निवड करते, शिकवत नाही. आणि हल्ली ती नेमकं काय निवडते, मुलाची बुद्धी की क्लासची फी, हाही प्रश्नच आहे. पालकांनी पुढे ठेवावी ती वही. वर्गात दिलेलं काम किती वेळात झालं, त्यात चुका किती, घरी मुलाने आपणहून काय धरलं आणि कुठे अडलं, हे त्यात दिसतं. अडलेली जागा तर जरूर दाखवावी. शिक्षकाला पुढचं काम ठरवायला तिचाच उपयोग होतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ज्या वर्गात निम्म्या मुलांना अजून भागाकार जमत नाही, तिथे पुढच्यांचे लाड कसले? शिक्षकाचा वेळ मोजका, तो मागच्यांना मिळायला हवा, हे मला मान्य आहे. पण पुढच्याला दिलेला एक चांगला प्रश्न शिक्षकाचा वेळ खात नाही, उलट मोकळा करतो, कारण ते मूल अर्धा तास स्वतःत गुंतून राहतं. शिवाय कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 29 व्या कलमात, अभ्यासक्रमाने मुलाच्या क्षमता आणि प्रतिभा फुलवाव्यात, शारीरिक आणि बौद्धिक शक्तींचा पूर्ण विकास साधावा, असं स्पष्ट आहे. तिथे 'मागे असलेल्या मुलाच्या' असा शब्द नाही आणि 'पुढे असलेल्या' असाही नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर विशेष गती असलेल्या मुलांसाठी शाळांमधून विषयवार मंडळं सुचवली आहेत, आणि या मुलांच्या शिक्षणाचं विशेष प्रशिक्षण बी.एड.मध्ये घेता यावं असंही म्हटलं आहे.

मात्र या आक्षेपाच्या पोटात एक खरी भीती आहे. बोलणाऱ्या पालकांच्या मुलांनाच सगळं मिळेल, ही ती भीती, आणि तिला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडातील एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात हुशार मुलांची निवड आधी पालक-शिक्षकांच्या शिफारशीवर होत असे. मग दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घ्यायला सुरुवात झाली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी 2016 साली त्याचे निष्कर्ष मांडले : गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतल्या निवडलेल्या मुलांचं प्रमाण झपाट्याने वाढलं होतं. मुलं होतीच, त्यांच्या वतीने कोणी बोललं नव्हतं. ऊसतोड कामगाराच्या मुलीसाठी पालकसभेत कोण उभं राहणार आहे? ज्याला बोलता येतं त्याने गप्प बसावं, हे यावरचं उत्तर नाही. त्याने मागणी एकट्या मुलाच्या नावाने न करता वर्गाच्या नावाने करावी. 'माझ्या मुलीला वेगळं द्या' म्हणण्यापेक्षा 'रोज फळ्याच्या कोपऱ्यात एक अवघड प्रश्न लिहा, ज्याचं काम झालं त्याने तो घ्यावा' असं म्हणावं. मग तो प्रश्न कोण सोडवतं ते शाळेलाही कळेल, आणि दोन-चार नावं अशी निघतील की सगळे चकित होतील.

हे बोलायला जागा आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं शिक्षणहक्क कायदाच सांगतो. समितीच्या बैठकांत पाण्याची टाकी, खिचडी, कुंपणाची भिंत यांवर बोलणं होतं आणि ते व्हायलाच हवं. वर्गात मुलं काय करतात यावर क्वचितच होतं. वेगळी शाळा हाही एक मार्ग आहे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, पुढे 1969 साली हुशार मुलांसाठी प्रशाला काढली. काम मोलाचं, पण एका शाळेत जागा त्या किती! गावोगावची बाकीची मुलं आहेत त्याच शाळेत, आहेत त्याच बाकावर बसणार आहेत.

जूनमध्ये शाळा उघडतील, पहिली पालकसभा होईल. तिला जाताना प्रगतिपुस्तक घरी राहू द्या. मुलाची वही घेऊन जा.